कोर्लई : दुरून वाचलेले गाव

पोखर्णीत ‘खाडी’ हा शब्द कोणाच्या बोलण्यात येत नाही. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव नृसिंहाच्या देवळासाठी ओळखले जाते. येथली जमीन काळी, पाणी विहिरीचे, आणि समुद्र शाळेच्या भूगोलात भेटलेला. जवळची मोठी नदी गोदावरी. ती अरबी समुद्राकडे पाठ करून पूर्वेस जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळचे यानाम १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होते. म्हणजे आमच्या पाण्याच्या शेवटालाही एका परक्या सत्तेचे लहानसे ठाणे होतेच. आम्हाला ते ठाऊक नव्हते इतकेच. अशा कोरड्या गावी बसून मी गेली काही वर्षे पश्चिम किनाऱ्यावरील एका खाडीच्या गावाविषयी जे जे लिहिलेले मिळाले ते वाचीत आलो. त्या वाचनाचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

ते गाव कोर्लई. रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिण अंगाला ते वसले आहे. समोर, पाण्यापलीकडे, रेवदंडा. मध्ये भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा रूप पालटणारी खाडी, कडेला तिवरांची झाडी, चिखलाचे पट्टे, आणि समुद्रात लांब सोंडेसारखा घुसलेला एक डोंगर. त्या डोंगरावर किल्ला. पायथ्याच्या गावात कोळी आहेत, इतर हिंदू समाज आहेत, आणि आपल्या कॅथॉलिक बांधवांची वस्ती आहे. या वस्तीतील सुमारे हजार माणसे घरात जी भाषा बोलतात तिला ती ‘नो लिंग’ म्हणतात. ‘नो लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’. भाषाशास्त्रज्ञ तिला कोर्लई पोर्तुगीज म्हणतात. नावाचा हा फरक लहान वाटतो. माझी पुढची सारी तक्रार त्या फरकातच दडलेली आहे.

कोर्लईविषयी जो कोणी लिहितो तो आधी किल्ल्यावर चढतो. ते स्वाभाविकही आहे. पोर्तुगीज चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, १५२१ च्या सुमारास स्थिरावले. समोरचा डोंगर अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता; तो त्यांनी १५९४ मध्ये लढून घेतला. १७४० मध्ये वसईच्या पाडावापाठोपाठ हा सारा टापू मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज येथून निघून गेले. एवढा इतिहास बहुतेक प्रत्येक लेखात असतो, आणि त्यानंतर एक वाक्य हमखास येते : ‘पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या सत्तेचा हा अवशेष मागे राहिला.’ या वाक्यापाशी वाचकाने थोडे थांबून गणित करावे. कोर्लईच्या डोंगरावर पोर्तुगीजांचा अंमल १५९४ ते १७४०, म्हणजे १४६ वर्षे होता. त्यांना जाऊन आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. राज्यकर्ता, त्याचे सैन्य, त्याची कचेरी यांपैकी काहीही पाठीशी नसताना जी गोष्ट राज्यकर्त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ जगली तिला अवशेष म्हणणे हे भाषेचे आणि विचाराचेही शैथिल्य आहे. अवशेष किल्ल्यावर आहेत. पायथ्याशी आहे ते जिवंत घर आहे.

आता पुस्तकांकडे वळू. चौलविषयीचा पहिला मोठा अभ्यास आपल्याच एका धर्मबांधवाचा आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसई यांच्या इतिहासावर व पुरावशेषांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. हा मनुष्य नाणकशास्त्रज्ञ होता, जुन्या कागदपत्रांचा रसिक होता, आणि कोकणी भाषेचा अभिमानी होता. १८८१ मध्ये त्याने कोकणी भाषा व वाङ्मय यांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्याच्या चौलविषयक ग्रंथाचे ऋण मानलेच पाहिजे. पडलेल्या तटबंदीत, ओसाड मंदिरांच्या भिंतींत कोण काय बांधून गेले हे त्याच्यामुळे आपल्याला कळते. परंतु त्या ग्रंथाचा भार दगडावर आहे. नावातच पुरावशेष आहेत. दगड वाचणाऱ्याला माणसे दिसतात ती बहुधा दगडांच्या सावलीत. १८८३ च्या कुलाबा व जंजिरा गॅझेटियरबद्दलही असेच म्हणावे लागेल. तेथे माती, पिके, जाती, व्यापार यांची प्रकरणे निराळी आणि ठिकाणांची वर्णने निराळी. सरकारी पद्धतच तशी होती. तिचा परिणाम असा होतो की गाव एका प्रकरणात आणि गावकरी दुसऱ्या प्रकरणात राहतात.

दगडाकडून शब्दाकडे वळणारा पुरुष पुढे आला, तोही गोव्याचा आणि तोही आपला : मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो. धर्मगुरू असलेल्या या विद्वानाने मुंबईच्या परिसरातील ख्रिस्ती लोकांच्या पोर्तुगीज बोलीवर १९०६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९१३ मध्ये आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाच्या प्रभावाचा त्याचा ग्रंथ आला. पोखर्णीत बसून वाचणाऱ्याला हा दुसरा विषय कोर्लईहूनही जवळचा वाटतो. आमच्या शेतमजुराच्या डोक्यावरचे ‘घमेले’, कारकुनाचा ‘पगार’, माजघरातली ‘चावी’, मोरीतली ‘बालदी’, बाजारातला ‘बटाटा’ आणि ‘कोबी’ हे सारे शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून किनाऱ्याला लागले आणि घाट चढून येथवर आले. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही त्यांच्या तोंडी तो रोज असतो. आमच्याकडे परके शब्द मराठीच्या घडणीत असे काही बसले की त्यांचे परकेपण कोणाला आठवतही नाही. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण कोर्लईत नेमके याच्या उलट घडले.

ते काय घडले, हे ज्या पुस्तकाने प्रथम सविस्तर उलगडून दाखविले ते अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘एका भाषेचा जन्म’ असा आहे. कोर्लईवरच्या साऱ्या लेखनात मला हे सर्वांत न्याय्य वाटते, आणि त्याचे कारण त्या नावात आहे. बाकीचे सारे शेवटाविषयी लिहितात. हा लेखक आरंभाविषयी लिहितो. तो सांगतो त्याचे सार असे : नो लिंगचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची चाल पोर्तुगीज नाही. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते, कर्म नंतर. कोर्लईच्या भाषेत कर्ता, मग कर्म, आणि क्रियापद अगदी शेवटी. जसे आपण बोलतो तसे. मराठीतून क्रियापदे घेताना तिने ती कशीही कोंबली नाहीत. त्यांच्यासाठी ‘उ’काराची एक स्वतंत्र ठेवण केली, आणि आजही नवे मराठी क्रियापद आले तर ते त्याच साच्यातून जाते. जिला मोडकी पोर्तुगीज म्हणून हिणवले गेले ती अशी नियमबद्ध आहे. घमेले आणि पगार यांना आम्ही मराठी घर दिले. कोर्लईच्या माणसांनी पोर्तुगीज शब्दांसाठी मराठी नकाशाचे घर बांधले. वासे दूरदेशीचे, पण दार कोठे ठेवावे आणि चूल कोठे हे ठरविणारा गवंडी इथलाच.

मग ही भाषा पोर्तुगीज कितपत आणि आपली कितपत? क्लेमेंट्स हा प्रश्न आपल्या परीने शास्त्राच्या भाषेत सोडवतात. तो त्यांचा हक्क आहे. मराठी वाचकाला मात्र त्यातून एक वेगळी जाणीव व्हावयास हवी होती : कोर्लई ही पोर्तुगालची शेवटची चौकी असण्याआधी मराठीची एक शाखा आहे, जरी तिची पाने निराळ्या रंगाची असली तरी. ही जाणीव त्या ग्रंथाच्या प्रकाशनानंतर आपल्या नियतकालिकांत कोठे उमटलेली मला आढळली नाही.

ग्रंथाबद्दल दोन आक्षेपही नोंदवतो. पहिला एका शब्दाबद्दल. ही भाषा टिकली कशी, याचे उत्तर देताना कोर्लईच्या एकाकीपणाचा आधार घेतला जातो : एका बाजूला समुद्र, एका बाजूला नदी, भोवती निराळ्या धर्माची आणि जातींची माणसे. यात तथ्य आहे. पण एकाकी हा शब्द जपून वापरावा. ज्या खाडीच्या मुखाशी हे गाव आहे ते कधीकाळी देशोदेशीच्या माणसांचे बंदर होते. १४६९ च्या सुमारास रशियाचा अफनासी निकितिन चौललाच उतरला आणि तेथून दख्खनमध्ये बिदरपर्यंत गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. त्याच रेवदंड्यात बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. पलीकडे मुरूडच्या वाटेवर सिद्दींचे जंजिरा संस्थान. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पूल झाला, त्यापूर्वी माणसे तरीतून पलीकडे जात आणि बाजार करून परत येत. शेजाऱ्याशी मराठीत, घरात नो लिंगमध्ये. ज्या भाषेच्या हाडामांसात मराठी भिनलेली आहे ती बोलणारी माणसे मराठीपासून तुटलेली कशी असतील? ही भाषा टिकली ती संपर्क नव्हता म्हणून नव्हे. उंबरठ्याच्या आत कोणती भाषा आणि बाहेर कोणती, हे त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले म्हणून टिकली. नदीने ते काम केले असे म्हटले की माणसांचे श्रेय नदीला जाते.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या स्वभावाविषयी आहे, एका ग्रंथकाराविषयी नाही. अशा ग्रंथात माणूस वाक्याचा नमुना देण्यापुरता येतो. त्याने उच्चारलेले वाक्य उरते. ते तो कोणाला म्हणाला, कोणत्या दुःखात किंवा कोणत्या विनोदात, हे गळून जाते. व्याकरणाला ते नको असते. पण मग ते कोणी लिहावयाचे?

रविवार पुरवण्यांनी ते लिहावे अशी अपेक्षा करता आली असती. अधूनमधून असे लेख येतात आणि मी ते कापून ठेवतो. त्यांची तऱ्हा एकच : किल्ला, समुद्रकिनारा, एखादी वृद्धा, तिने म्हटलेले लग्नातले जुने गाणे, आणि समारोपाला ‘शेवटचे बोलणारे’. शेवटचे हा शब्द या लेखांना इतका प्रिय आहे की तो कितव्या वर्षापासून छापला जात आहे याची गंमत वाटावी. ज्या वस्तीत मुले अजून ही भाषा बोलत मोठी होतात त्या वस्तीचा मृत्युलेख दरसाल लिहिला जातो. लेखकाचा हेतू वाईट नसतो. त्याला हळहळ वाटत असते. पण या हळहळीचे परिणाम निर्मळ नाहीत. ज्या मुलाला बाहेरचा प्रत्येक पाहुणा सांगतो की तुझी भाषा मरणार आहे, ते मूल आपल्या लेकरांशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हे ठरवताना काय करील? भाषेला धोका नाही असे माझे म्हणणे नाही. शाळा मराठी आहे, रोजगारासाठी माणसे मुंबईकडे जातात, लग्ने बाहेर होतात. हजार बोलणाऱ्यांच्या भाषेला एवढे पुरे होते. धोका सांगावा, पण आधी भाषा काय आहे ते सांगावे.

मराठी साहित्याने खाडीकाठचे गाव पाहिलेच नाही असे नाही. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही १९८७ मध्ये आलेली द्विखंडात्मक कादंबरी जगबुडीच्या काठावरच्या एका घराण्याच्या अनेक पिढ्या मांडते, आणि नदी तेथे देखावा म्हणून येत नाही. माणसांच्या भांडणात, वैभवात आणि ऱ्हासात ती असते. पोखर्णीच्या वाचकाला तुंबाड कळते ते त्यामुळे. आपल्या कॅथॉलिक लेखकांनी वसईचे असेच आतून चित्रण केले : बावखले, केळीच्या बागा, खारजमिनी, लग्नातली गाणी. वसईच्या सामवेदी बोलीलाही गेल्या काही दशकांत लिहिणारे हात लाभले. वसईच्याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये आमच्या मराठवाड्यात, उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा येथल्या लहान लहान धर्मग्रामांतील कुटुंबांना जो आनंद झाला तो मी पाहिला आहे. परंतु मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपल्यासमोर वसई आणि अहमदनगर एवढीच दोन गावे उभी राहतात. कोर्लई तिसरे गाव होऊ शकले नाही. त्याला कादंबरी मिळाली नाही, आत्मचरित्र मिळाले नाही. व्याकरण मिळाले, तेही इंग्रजीत.

येथे एक नाजूक मुद्दा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीची वाट मोकळी झाली. लॅटिन मिस्सा ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला मराठी मिस्सा म्हणजे काय वाटले असेल, हे मराठी ख्रिस्तसभेला निराळे सांगावयास नको. आपल्या दृष्टीने ते घरी परतणे होते. कोर्लईतही लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा आली. प्रार्थना आणि उपदेश यांतली पोर्तुगीज मागे पडली. पण कोर्लईची लोकभाषा कोणती होती? माझ्या मनात हा प्रश्न बरेच दिवस घोळतो आहे. ‘मराठी’ हे उत्तर चुकीचे नाही, कारण तेथे सर्वांना मराठी येते. ‘नो लिंग’ हे उत्तर अधिक खरे आहे, परंतु हजार माणसांसाठी उपासनाग्रंथ कोणी तयार करावयाचा?

काही लेखक या बदलाचे खापर मराठीवर फोडतात : मराठी आली आणि जुनी भाषा उघड्यावर पडली. मला हा निवाडा उतावळा वाटतो. पूर्वी धर्मगुरू जी पोर्तुगीज बोलत ती ग्रंथांतली पोर्तुगीज होती. घरातली नो लिंग नव्हे. वेदीची भाषा म्हणून नो लिंगला मान्यता कधीच मिळाली नव्हती, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. लॅटिन गेली, पोर्तुगीज गेली, मराठी आली. नो लिंग मंदिराच्या दाराशी आधी जशी उभी होती तशीच उभी राहिली. फरक पडला तो इतकाच की पूर्वी आतल्या भाषेशी तिचे दूरचे का होईना शब्दांचे नाते होते, आता व्याकरणाचे आहे. हे दुसरे नाते पहिल्यापेक्षा जवळचे आहे, परंतु शब्द कानाला ऐकू येतात आणि व्याकरण येत नाही; म्हणून वियोग झाल्यासारखे वाटते.

एकदा मी स्वतः त्या पुलावरून गेलो. ओहोटी होती. साळावच्या बाजूला लोखंडाच्या कारखान्याची उंच बांधणी, खाली चिखलात कालवे काढणाऱ्या बायका, दूर डोंगराच्या टोकाला किल्ला. गावात दोन स्त्रिया दारात बसून बोलत होत्या. सूर मला ओळखीचा वाटला. वाक्य जेथे उतरते तेथेच ते उतरत होते, आणि तरी एक शब्द समजत नव्हता. मी जवळ जाताच त्या अगदी सहज मराठीत शिरल्या आणि ‘कोठून आलात?’ म्हणून विचारले. मी परभणी सांगितले. ते कोठे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मीही तासाभरात किल्ल्याकडेच निघालो. वर ज्यांना नावे ठेवली त्यांच्यात माझाही समावेश करावा.

कोर्लईच्या साहित्याचा प्रश्न अखेर लिपीच्या प्रश्नापाशी येतो, आणि तो वाटतो तितका कोरडा नाही. अभ्यासकांनी ही भाषा रोमन अक्षरांत, आपल्या शास्त्रीय चिन्हांसह नोंदवली. विद्वानांना ते सोयीचे आहे. पण कोर्लईचे मूल शाळेत प्रथम देवनागरी शिकते. त्याला आजीची गोष्ट लिहून ठेवावयाची असेल तर हाताशी असलेली अक्षरे तीच आहेत. मराठीच्या सहवासात वाढलेल्या या भाषेचे बरेचसे उच्चार देवनागरीत विनासायास बसतील. जेथे अडेल तेथे एखादी खूण ठरवता येईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले ते रोमन अक्षरांत. मराठी ओव्या आणि परकी लिपी. त्या काळी गोव्यात देवनागरी खिळे नव्हते. विल्टशरच्या एका इंग्रज मुलाने मराठीत महाकाव्य रचावे आणि ते मराठी अक्षरांत छापता येऊ नये, ही अडचण समजण्यासारखी आहे. आज खिळ्यांची अडचण उरलेली नाही. या त्रैमासिकाच्या एखाद्या अंकात चार पाने नो लिंगसाठी ठेवावीत, देवनागरीत, खाली मराठी अर्थासह. कोर्लईच्या धर्मग्रामातून गोष्ट मागवावी, गाणे मागवावे, रेवदंड्याच्या तरीतून बाजारला गेल्याची आठवण मागवावी. मजकूर आला तर छापावा. न आल्यास, कोणाकडून कसा मागवला होता ते संपादकांनी पुढच्या अंकात लिहावे. मग पुन्हा मागवावा.